हिंसा मोजायला कोल्हापुरात

कोल्हापूरला लोक देवीच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, रस्सा प्यायला जातात. मी हिंसा मोजायला गेले होते.

नागपुरात मी ज्या संस्थेत काम करते ती शाळकरी मुलांच्या आयुष्याविषयी पाहण्या करते. या खेपेचा विषय होता 'किशोरवयीन मुलांना दैनंदिन जीवनात येणारा हिंसेचा अनुभव'. प्रश्नावली बासष्ट प्रश्नांची. मूळ परदेशातली, आणि तिचं मराठी ज्यानं कुणी केलं होतं त्यानं ते मुलांशी कधी न बोलता केलं असावं. प्रत्येक प्रश्नाला उत्तरं चारच: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. शेवटी बेरीज करायची आणि मूल हिरव्या, पिवळ्या की लाल गटात बसतं ते लिहायचं.

नियम कडक होते. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, एकही शब्द बदलायचा नाही, समजावून सांगायचा नाही. मुलाशी एकांतात बोलायचं. ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही. आमचे प्रकल्पप्रमुख देशकर सर निघताना म्हणाले होते, "कापड मोजताना आपण कापडाशी गप्पा मारत नाही." मला तेव्हा ते पटलं होतं.

सोमवार, शिवाजी पेठ

पहिली चूक माझ्याकडून लॉजच्या दारातच झाली. तिथल्या सहकाऱ्याचा आदल्या दिवशी निरोप होता, "मी नऊला येतो." आवाज जरा बायकी वाटला, पण मी एका पुरुषाची वाट पाहत उभी राहिले. मोपेडवरची एक बाई समोर थांबून हॉर्न वाजवत होती, आणि तिला जागा हवी असेल म्हणून मी बाजूला सरकत होते. ती पुढं आली, मी आणखी सरकले. अशी आम्ही दोघी गटारापर्यंत गेलो. मग तिनं विचारलं, "मॅडम, सर्वेचं तुम्हीच न्हवं?" कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या संगीता कांबळे. कोडोलीच्या. बारा वर्षं आशा सेविका म्हणून गावात घरोघर फिरलेल्या. वयानं माझ्याएवढ्याच, आवाजानं माझ्या दुप्पट. त्यांनी मला आधी मिसळ खायला नेलं. आम्ही नागपूरचे लोक पोह्यांवरच्या तर्रीचा फार अभिमान बाळगतो. मी तो तिथं बोलून दाखवला. मिसळवाल्यानं काही न म्हणता माझ्या वाटीत आणखी कट ओतला. नंतरची दहा मिनिटं मी अभिमानाविषयी बोलले नाही.

पहिला मुलगा ओंकार, वय पंधरा. सकाळी तालमीत कुस्ती, संध्याकाळी पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याच्या आईची सही घेऊन आम्ही तालमीच्या सोप्यात बसलो. एकांत म्हणून वस्तादांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि सगळे बाहेर जाऊन खिडकीत उभे राहिले.

मी वाचलं, "गत बारा महिन्यांत कोणा व्यक्तीने बळाचा वापर करून आपणास जमिनीवर पाडले आहे काय?"

ओंकारनं विचारलं, पाडलं म्हणजे चितपट का? मला समजावून सांगायची मुभा नव्हती. मी प्रश्न पुन्हा तसाच वाचला. तो विचारात पडला. मग म्हणाला, चितपट अजून कुणी केलेलं न्हाय, पण पाडत्यात रोज. मी 'नेहमी'वर खूण केली. कोणी मान आवळली आहे काय? नेहमी. वयाने मोठ्या व्यक्तीने पाठीवर आघात केला आहे काय? त्यानं खिडकीतल्या वस्तादांकडं आदरानं पाहिलं. नेहमी. शरीरावर सूज, जखम वा व्यंग? त्यानं मान वळवून आपला चुरमडलेला कान दाखवला, जशी एखादी मुलगी नवं कानातलं दाखवते.

एकतिसावा प्रश्न होता, "आपण एखाद्या टोळीचे सदस्य आहात काय?" खाली टोळीची व्याख्या दिलेली: स्वतःचे नाव, ठरावीक रंग, भेटण्याची नेमकी जागा आणि शत्रू गट असलेला समूह. ओंकारनं व्याख्या दोनदा ऐकली. नाव होतं, रंगाची जर्सी अंगावरच होती, भेटायची जागा हीच. शत्रू गट पलीकडच्या गल्लीत, त्यांच्याशी शनिवारी मॅच. तो म्हणाला, "व्हय, हाय की."

आपण टोळीत कधीपासून आहात?

"जन्मल्यापासनं. पप्पा पण हुते. आजा कॅप्टन हुता."

बेरीज केली तर गुणांची पट्टी संपली, ओंकार संपला नाही. गट लाल. नियमाप्रमाणे लाल गटातल्या मुलाला आपण सुरक्षित आहात का असं विचारायचं, मदतीच्या फोन नंबराचं कार्ड द्यायचं आणि त्याला समुपदेशनाची गरज असल्याचं जबाबदार व्यक्तीला सांगायचं. जबाबदार व्यक्ती म्हणून मी वस्तादांपुढं उभी राहिले. सत्तरीचे, हातात काठी. मी म्हटलं, मुलगा लाल गटात आला आहे.

त्यांनी शांतपणे विचारलं, "लाल म्हंजे किती किलो?"

वजनाचा गट नव्हे, हे सांगायला मला बराच वेळ लागला. समुपदेशन म्हणजे काय तेही सांगितलं. पोराला कुणीतरी जवळ बसवून मायेनं विचारपूस करायला पाहिजे, एवढं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ओंकारला जवळ बसवलं, काय दुखतंय का विचारलं, आणि म्हशीचं तांब्याभर ताजं दूध पाजलं. मग मलाही पाजलं, कारण मी फिकी दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीबाहेर नऊ मुलं रांगेत उभी होती. ओंकारला लाल मिळाला, आपल्यालाही लाल मिळावा, अशी त्यांची अपेक्षा होती. एकानं हाताचं प्लास्टर दाखवायला आणलं होतं, हात बरा झाला होता तरी. त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या तालमीचे दोन पदाधिकारी लॉजवर आले. त्यांची तक्रार सभ्य भाषेत होती. त्यांच्या पोरांना कुणी विचारलंच नाही, हा अन्याय आहे. मी सांगितलं की जास्त गुण मिळणं ही वाईट गोष्ट आहे. त्यातले थोरले म्हणाले, "ते तुमचं तुम्ही ठरवा पावणं. मोजा मात्र."

बुधवार, शिरोली

बुधवारी आम्ही शिरोलीला एमआयडीसीजवळच्या कामगार वस्तीत होतो. फाउंड्रीची भट्टी पेटलेली, हवेत तापलेल्या वाळूचा वास, आणि मधूनच असा दणका की माझं पेन कागदावरून घसरायचं. 'आपल्या परिसरात स्फोटसदृश आवाज येतात काय' याला सगळ्यांचं उत्तर एकच, रोज, पाळी बदलली तरी थांबत न्हाईत.

एका घरात संमतीपत्रावर सही घेताना मी मुलाच्या आईला वाचून दाखवलं, की ही पाहणी घरात व परिसरात घडणाऱ्या हिंसेविषयी आहे. त्या थोड्या ओशाळल्या. सासऱ्यांच्या गळ्यातल्या माळेकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्यात बुधवारी आणि रविवारी असती. मामंजी खात न्हाईत, त्यांचं वेगळं करतो."

बुधवार होताच. आम्ही जेवूनच निघायचं असं ठरलं. पांढरा रस्सा मी पहिल्यांदा तिथं प्यायले. आमच्या सावजीत मसाला आधी अंगावर येतो आणि मग चव सापडते, हा रस्सा आधी दुधासारखा गोड बोलतो आणि मागून मिरी पाठवतो. संगीताताईंनी चार वाट्या घेतल्या. मोपेडवर बसताना त्यांनी मला विचारलं, हिंसा या शब्दाला तुमच्याकडं दुसरा शब्द न्हाय का? मी म्हटलं, शब्द बदलता येत नाही. त्यांनी नुसती किक मारली.

गुरुवार, कोडोली

कोडोलीला जाताना दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच होता की रस्ता बोळासारखा वाटत होता. उसाला तुरे आले होते, आणि मागं पन्हाळ्याचा डोंगर. मला ते फार सुंदर वाटलं. संगीताताई म्हणाल्या, तुरा आला म्हंजे तोड लांबली, इथं कुणापुढं सुंदर म्हणू नका.

आमच्या यादीत मळ्यातलं एक घर होतं. मुलगी प्राजक्ता, नववीत. वडील दूध संकलनाच्या गाडीवर, आई शेतात भांगलायला गेलेली, घरात आजोबा. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मी कागद काढून बसले तसे ते सावरून बसले. पालकांसाठीचे प्रश्न आधी असतात. मी वाचलं, "आपल्या परिसरात टोळीचा वावर आहे काय?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. टोळी कुठली यायला? कारखान्याच्या माणसाला चारदा सांगून झालं, ऊस वाळायला लागला, शेजारच्याला टोळी आली आणि आमच्या बांधावरनं परत गेली. संगीताताई माझ्याकडं बघत नव्हत्या. ऊसतोडीच्या मजुरांच्या तुकडीलाही टोळीच म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या घटकेला मी फक्त पुढचा प्रश्न वाचला.

"टोळीमुळे आपणास भीती वाटते काय?"

"न आल्याची वाटती की," आप्पा म्हणाले. मी कारखान्याची बाई नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. सही करताना त्यांनी माझ्या यादीत डोकावून पाहिलं आणि आपलं नाव जरा वर घ्यायला सांगितलं.

एकांत घरात मिळेना. एक खोली, तिला तीन दारं. प्राजक्ताच म्हणाली, गोठ्यात चला. तिथं एक म्हैस होती आणि दोन पालथ्या बादल्या. आम्ही बादल्यांवर बसलो. संगीताताई दाराशी आप्पांना बोलण्यात गुंतवून उभ्या राहिल्या.

मुलगी बारीक चणीची, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. प्रश्न वाचला की ती लगेच उत्तर द्यायची. कोणी पाडले आहे काय? कधीच न्हाय. कोणी मारले? कधीच न्हाय. धमकी दिली? अंगाला हात लावला? अपशब्द बोलले? कधीच न्हाय, कधीच न्हाय. तीन दिवस 'नेहमी' ऐकून माझे कान किटले होते. मला बरं वाटायला लागलं. हिरव्यातली हिरवी मुलगी. पेठेतल्या नऊ पैलवानांवर ही एक ठेवली तर पाहणीचा तोल सावरला असता.

अठ्ठावन्नाव्या प्रश्नावर म्हशीनं मान लांब करून शेवटचं पान ओढलं. मी पेन टाकून पानाचं एक टोक धरलं, म्हशीनं दुसरं. प्राजक्तानं उठून सवयीच्या हातानं तिचा जबडा दाबला आणि पान सोडवून फ्रॉकला पुसलं. पुसता पुसता तिनं विचारलं, "मॅडम, ह्यात रस्त्याचं काय न्हाय का?"

मी विचारलं, कसलं रस्त्याचं?

ती पानाकडं बघत बोलली. शाळेच्या सरळ रस्त्यावर एक मोरी आहे, ओढ्यावरची. तिथं सकाळी दोघं गाडीवर असतात. "बोलत न्हाईत. हात लावत न्हाईत. मी चालाय लागलो की गाडी माझ्या बाजूनं चालवत्यात. मी थांबलो की थांबत्यात. परत चाललो की परत." दिवाळीपासून हे चाललेलं. म्हणून ती आता डेअरीकडून जाते, गावाला वळसा घालून, पाऊण तास आधी निघून. घरी सांगते की जादा तास असतो.

मी पान तिच्या हातातून घेतलं आणि सगळे प्रश्न पुन्हा चाळले. पाडले, मारले, ढकलले, ओढले, बोलले. बाजूनं गाडी चालवली, असा प्रश्न नव्हता.

घरी सांगू का, असं मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आप्पांना सांगू नका. त्या पोरांना काय म्हणायचे न्हाईत. माझीच शाळा बंद हुईल."

मी कार्ड काढून दिलं. तिनं नंबर वाचला आणि परत दिलं. घरातला फोन आप्पांच्या खिशात असतो. मग मी नियमात नसलेला प्रश्न विचारला, तुला काय व्हावंसं वाटतं? तिला त्याचं उत्तर शोधावं लागलं नाही.

"मला सरळ रस्त्यानं जायचंय."

एवढं संगीताताईंना सांगू का, त्या बाहेर कुठं बोलणार नाहीत, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, त्यांना सांगा, त्यांनी मला लहानपणी डोस पाजल्यात.

परत निघताना मोपेडवर मी सगळं सांगितलं. संगीताताईंनी मोपेड आपल्या घराकडं वळवली. त्यांच्या घरी जेवायला थांबलो. त्यांच्या आईनं भाकरी, खर्डा आणि दही वाढलं. पाचवा घास खाता खाता संगीताताईंनी विचारलं, कोडोलीत अजून किती पोरं पाहिजेत? मी म्हटलं, पाच. काही घरं बंद निघाली, त्यांच्या बदली दुसरी घेता येतात.

"वय?"

"तेरा ते सतरा."

"मग दोन गावल्यात," त्या म्हणाल्या आणि दही संपवलं.

शुक्रवार, मोरीपाशी

सकाळी पावणेसातला आम्ही मोरीवर पोचलो. दोघं होते. गाडीला टेकून मोबाइल बघत होते. एकाचं नाव विराज, दुसऱ्याचं शंभू, दोघेही बारावीतले, सतरा वर्षांचे. विराजच्या वडिलांची गाडी. मिसरूड जेमतेम फुटलेलं. मी रात्रभर मनात कुणी दांडगे रंगवले होते. समोर दोन पोरं होती, ज्यांच्या डब्यात आईनं भाजी काय दिली असेल हेही मला ओळखता आलं असतं. तरीही प्राजक्ता पाऊण तास आधी निघत होती.

संगीताताई मोठ्यानं म्हणाल्या, सर्वे हाय, तुम्ही निवडला गेलाय. विराजला ते आवडलं. त्यानं केस सारखे केले. मग संगीताताईंनी संमतीपत्र काढलं. अठरा पूर्ण न्हाईत न्हवं, मग घरातल्या थोरल्यांची सही लागती, आईचा नंबर सांग. तो म्हणाला, राहू द्या मग. पण कोडोलीत बारा वर्षं घरोघर फिरलेल्या बाईला नंबर सांगावा लागत नाही. त्यांनी फोन लावून झाला होता.

विराजच्या आई दहा मिनिटांत स्कुटीवरून आल्या. फोनवर 'सर्वे' एवढंच ऐकलं असावं, कारण येताना त्यांनी आधार कार्ड, रेशन कार्ड आणि घरातल्या सगळ्यांचे दोन-दोन फोटो आणले होते. तोवर शाळेच्या मुली यायला लागल्या. मोरीवर माणसं जमलेली बघून त्या थांबल्या. दूध घालून परतणारे तिघं थांबले. प्राजक्ताला संगीताताईंनी आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं, की तू यायची गरज न्हाय. ती आली होती. मैत्रिणींच्या मागं उभी होती.

मी नियम सांगितला, मुलाशी एकांतात बोलावं लागतं, कृपा करून दहा पावलं मागं व्हा. कोल्हापूरची माणसं ऐकतात. सगळे मोजून दहा पावलं मागं गेले, आणि तिथून नीट ऐकू यावं म्हणून बोलायचे थांबले. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

सही शेवटी घ्या, संगीताताई म्हणाल्या. पहिला भाग साधा असतो. मी वाचलं, "दिवसाच्या कोणत्या वेळी आपण घराबाहेर असता व कोठे?"

विराजनं घसा खाकरला. त्याच्या आईनं दहा पावलांवरून मदत केली, साडेसहाला क्लासला जातो तो, गणिताच्या.

"इथंच असतोय की वैनी," संगीताताई म्हणाल्या. "रोज. म्हणून तर सापडला."

आईनं मुलाकडं पाहिलं. मग मोरीकडं, मग थांबलेल्या मुलींकडं. हातातले फोटो त्यांनी पिशवीत परत ठेवले.

मी पुढं वाचत राहिले. शब्द बदलायला बंदी होती हे बरं झालं. माझे स्वतःचे शब्द असते तर मला पुढं जाता आलं नसतं. त्रेचाळिसावा प्रश्न आला. "गत बारा महिन्यांत आपल्या वागण्यामुळे कोणी व्यक्ती घाबरली आहे काय?"

विराज म्हणाला, कधीच न्हाय.

मी खूण करायला पेन टेकवलं. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला. ती प्राजक्ता नव्हती, माझ्या ओळखीचीही नव्हती. दप्तर पोटाशी धरलेली, आठवीतली असेल.

"नेहमी लिवा," ती म्हणाली.

मग तिच्या शेजारची म्हणाली, नेहमी. मग आणखी एक. कुणी ओरडलं नाही. हजेरी घेताना 'हजर' म्हणतात तशा त्या एकेक करून म्हणत गेल्या. मी मोजायला आले होते आणि मला मोजता आलं नाही. प्राजक्ता काहीच म्हणाली नाही. तिला म्हणावं लागलं नाही. शंभू गाडीपासून एक पाऊल लांब सरकला, मग आणखी एक.

विराजच्या आई पुढं आल्या. मला वाटलं आता आमच्यावर येतील. त्यांनी मुलापुढं हात केला.

"चावी."

त्यानं चावी दिली. त्यांनी ती कमरेला खोचली, माझ्याकडून संमतीपत्र मागून घेतलं आणि स्कुटीच्या सीटवर ठेवून त्याच्यावर सही केली. आता पुढचं सगळं विचारा त्याला, म्हणाल्या, मी हाय इथंच. मुली चालायला लागल्या. प्राजक्ता त्यांच्यात होती. सरळ रस्ता, ओढ्यापलीकडं चढण, आणि चढण संपली की शाळेचं छप्पर दिसतं. आम्ही त्या दिसेनाशा होईपर्यंत थांबलो.

नियमाप्रमाणे ती प्रश्नावली बाद होती, कारण उत्तरदात्याऐवजी इतरांनी उत्तर दिलं होतं. मी तिच्यावर 'रद्द' लिहिलं. संगीताताईंनी विचारलं, ह्याचे पैसे कापणार का तुमचे सर? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, मग चला, उसाचा रस मी पाजतो.

नागपूर

देशकर सरांनी आकडे पाहून पहिला प्रश्न विचारला की शिवाजी पेठेत नेमकं काय चाललंय. तिथली मुलं आमच्या पट्टीनुसार लढाईच्या मैदानात राहत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांविषयीच्या रकान्यात मी प्रत्येक वेळी 'प्रसन्न' लिहिलं होतं. दुसरं, कोडोलीची एक मुलगी इतकी सुरक्षित कशी. तो अर्ज नमुना म्हणून सगळ्यांना दाखवावा असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी नाव न सांगता सगळं सांगितलं. सर कठोर नाहीत. चष्मा काढून बसले. म्हणाले, मग काय विचारायला हवं होतं, ते लिहून दे.

मी चार दिवस लिहीत होते. जे लिहायची ते बासष्ट प्रश्नांच्याच भाषेत उतरायचं. शेवटी संगीताताईंना फोन करून अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, प्राजक्ता रोज सरळ रस्त्यानं जायला लागलीय. मोरीवर सध्या कुणी न्हाय, पुढचं सांगता येत न्हाय. आप्पांच्या उसाला टोळीही आली, आणि ती तुम्हीच पाठवली असं ते गावभर सांगतायत. प्रश्नाचं तिलाच विचारतो की, त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी निरोप आला. प्राजक्तानं वहीच्या पानावर लिहून दिला होता, एकच, कुठलाही अवघड शब्द नसलेला.

'जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं जाता का? का?'

सर म्हणाले, याला 'क्वचित, बऱ्याचदा' कसं लावणार? मी म्हटलं, नाही लागणार. त्यांनी तो त्रेसष्टावा म्हणून घेतला आणि कुठल्याही नव्या प्रश्नाचं करतात तसं सांगितलं, आधी घरच्या घरी दोन-चार मुलांना विचारून बघ, कळतो का.

माझी मुलगी दहावीत आहे. संध्याकाळी ती क्लासवरून आली, नेहमीसारखा उशीर करून. ताटावर बसली. मी पेन घेऊन समोर बसले आणि प्रश्न जसाच्या तसा वाचला.

"हो," ती म्हणाली आणि वरणात भात कालवत राहिली. "मागच्या गल्लीतून येते मी. चौकात तो पानठेला आहे ना."

मी विचारलं, कधीपासून?

तिनं आठवून पाहिलं. आठवीपासून, म्हणाली.

दोन वर्षं मी तिला रोज उशिराबद्दल रागावत होते. मी पेन खाली ठेवलं. प्रश्न कळला होता.